साठवणीतली वीज

छतावर सौर पॅनेल बसले की वीज जाण्याची चिंता मिटते, असा एक समज सर्वत्र आढळतो. वस्तुस्थिती तशी नाही. शहरांतल्या बहुतेक घरांवर दिसणारी यंत्रणा वीज कंपनीच्या तारांना जोडलेली असते, आणि त्या तारांतला प्रवाह थांबला की भर दुपारीही तिचा इन्व्हर्टर आपोआप बंद होतो. हा दोष नव्हे. लाइन बंद आहे असे समजून खांबावर चढलेल्या वायरमनपर्यंत आपल्या छतावरची वीज पोचू नये, यासाठीची ती तजवीज आहे. माथ्यावर ऊन रणरणत असताना घरातला पंखा थांबू नये असे वाटत असेल, तर बॅटरी हवी आणि घराला बाहेरच्या तारांपासून तोडून चालवू शकणारा इन्व्हर्टरही हवा.

दापोली तालुक्यातल्या आमच्या घरी अशी बॅटरी आली ती काकांच्या श्वासापायी. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. दापोलीकडेही नारळी-पोफळींबरोबर विजेचे खांब आडवे झाले, आणि कित्येक गावांनी पुढचे काही आठवडे काळोखात काढले. त्यानंतर दोन वर्षांनी काकांना प्राणवायूचे यंत्र लागू लागले, तेव्हा काकूने बॅटरीच्या बाबतीत कुणाचे काही ऐकून घेतले नाही.

२००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत जिन्याखाली ठाण मांडून बसलेली, डिस्टिल्ड वॉटर पिणारी जुनी बॅटरी अनेकांना आठवत असेल. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची ती बॅटरी कागदावर १.८ युनिट साठवी. पण तसली बॅटरी वारंवार निम्म्याखाली उतरवली की लवकर मरते, म्हणून हाती लागे ते जेमतेम एक युनिट. नवी बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, ५ युनिटांची, आणि त्यातला बहुतेक साठा वापरता येण्याजोगा. काकांचे यंत्र तासाला सुमारे ०.३५ युनिट घेते. रात्रीच्या दहा तासांचे साडेतीन युनिट झाले. उरलेल्या एखाद्या युनिटात बाकीचा संसार.

कोकणात वीज जाते ती बहुधा आषाढात, आणि सूर्यही नेमका तेव्हाच दडी मारतो. गेल्या पावसाळ्यात सलग तीन दिवस वीज नव्हती. पहिल्या संध्याकाळी वाडीतले मोबाइल आमच्या ओटीवर चार्जिंगला लागले. त्याला फारसे काही लागत नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या वहिनी इन्सुलिनच्या कुप्या घेऊन आल्या. काकूने तोवर फ्रिज बंद करून टाकला होता. तिने कुप्या ठेवून घेतल्या. ढगांतून पॅनेल जे काही देतील त्यावर फ्रिज दुपारभर चालवला, पाण्याच्या बाटल्या गोठवल्या, त्या खालच्या कप्प्यात कुप्यांना टेकणार नाहीत अशा ठेवल्या, आणि अंधार पडल्यावर दार उघडायला सर्वांना बंदी केली. मध्यरात्री उठून तासभर फ्रिज पुन्हा लावला. काका यंत्राच्या आवाजात जागेच होते. “माझ्यातलं देत्येस ना?” एवढेच त्यांनी विचारले. काकूने उत्तर दिल्याचे मला ऐकू आले नाही.

विक्रेते या वस्तूला ‘विजेपासून स्वातंत्र्य’ म्हणतात. मला ती धान्याच्या कणगीसारखी वाटते: पाऊस लांबला की किती माणसांचा स्वयंपाक करायचा, हे ठरवायला लावणारी. आणखी एक गोष्ट मला खुपते. पूर्वी वीज गेली की सारी वाडी एकदम काळोखात जाई, आणि ज्याच्या शब्दाला वजन तो वीज कार्यालयात फोन करी. आता वजनदार घरांतले दिवे मिचकतसुद्धा नाहीत. त्यांची तक्रार थांबली, तर शेवटच्या खांबावरच्या घरासाठी बोलणार कोण? (बॅटरी घेऊ नये, असे मी म्हणत नाही, काकांकडे पाहून ते म्हणवणारही नाही.)

काकू फोन करते. डीपीचा क्रमांक तिला पाठ आहे. गेल्या खेपेस पलीकडच्या माणसाने नोंदी पाहून म्हटले, “बाई, तुमच्याकडे तर सोलर आहे.” काकू म्हणाली, “आहे. तुम्ही तक्रार वाडीच्या नावाने लिहा.” मग त्याने तक्रार क्रमांक सांगितला आणि तिने तो कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, लिहून घेतला.