लाल डबलडेकर आणि धुळीचा कण

आमच्या घरात सध्या एक लाल डबलडेकर उभी आहे. वीतभरही उंच नाही. आमचे अण्णा बेस्टमध्ये ड्रायव्हर होते. मुंबईत दुमजली बस १९३७ साली आली आणि जुन्या डिझेलच्या डबलडेकर १५ सप्टेंबर २०२३ रोजी शेवटच्या धावल्या. आता विजेवरच्या आल्या आहेत, पण त्या दिवशी अण्णा जेवले नाहीत. तेव्हा आम्ही दोघा नवरा-बायकोने ठरवले की, प्लास्टिकच्या शीटमधून अण्णांची गाडी घरातच बांधायची. खऱ्या बसच्या चोविसाव्या हिश्शाची.

कापणे, चिकटवणे जमले. अडले ते रंगात. आमची खोली दहा बाय बाराची, शेजारी बांधकाम चालू. रात्री रंग दिला, पंखा लावून झोपलो. सकाळी पाहतो तर बसच्या अंगावर पुरळ! अण्णांनी बोट फिरवले आणि म्हणाले, "गाडी न धुताच डेपोतून काढलीत की रे!"

मोठ्या वस्तूवर धुळीचा कण खपून जातो, छोट्या प्रतिकृतीवर खपत नाही. अर्ध्या मिलिमीटरचा कण चोवीस पटीने वाढवला तर बारा मिलिमीटरचा होतो. म्हणजे खऱ्या बसच्या पत्र्यावर काबुली चणा चिकटल्यासारखा!

आम्ही मग इरेला पेटलो. दार लावले, खिडकीच्या फटींत ओले टॉवेल कोंबले, पंखा बंद. थिनरचा रंग घेऊन बसलो. धूळ खरोखरच कमी झाली. पण तासाभराने लक्षात आले की, अण्णा खोलीत नाहीत. बाहेर गॅलरीत स्टुलावर बसून ते खोकत होते. त्यांना दम्याचा त्रास. "अण्णा, सांगायचे तरी," आम्ही म्हणालो. ते म्हणाले, "तुम्ही माझ्यासाठीच करताय ना. मग काय बोलणार?"

आम्हाला फार लाज वाटली. ज्यांच्यासाठी गाडी, त्यांनाच आम्ही गाडीसाठी घराबाहेर काढले होते!

त्या दिवसापासून नियम केला. खोली बंद करायची नाही, फक्त बस झाकायची. आमच्यासारख्या एका खोलीत राहणाऱ्या वाचकांच्या घरी मुले शाळेच्या प्रदर्शनासाठी असे काही करीत असतील, म्हणून अनुभव सांगतो.

रंग पाण्याचा, म्हणजे अॅक्रिलिक घ्यावा. तेलरंग तासन् तास ओला राहतो आणि तेवढा वेळ धूळ झेलतो. अॅक्रिलिकचा पातळ हात काही मिनिटांत वरून सुकतो. थिनरचेच काम असेल तर ते उघड्या हवेत आणि चुलीपासून, गॅसपासून लांब करावे. त्याची वाफ पेट घेते.

रंगापूर्वी झाडू मारू नये, उडालेली धूळ बराच वेळ खाली बसत नाही. फरशी ओल्या फडक्याने पुसावी, अर्धा तास थांबावे आणि पंखा बंद ठेवावा. लोकरीचे कपडे अंगावर नसावेत. प्लास्टिक कोरड्या कापडाने घासले की त्यात वीज साठते आणि ते धूळ ओढून घेते. म्हणून ते किंचित ओल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसावे आणि वाळू द्यावे.

पुष्कळदा आपण जिला धूळ समजतो ती बाटलीच्या तोंडाशी वाळलेल्या रंगाची खपली असते. झाकण पुसावे, रंग जुन्या नायलॉनच्या मोज्यातून गाळावा. रंग दिल्याबरोबर वस्तूवर प्लास्टिकचा मोठा डबा उपडा घालावा. डबा आतून आधी ओल्या फडक्याने पुसलेला असावा. त्याच्या कडेखाली दोन काड्या ठेवाव्यात, म्हणजे ओल बाहेर जाते.

एवढे करूनही कण बसलाच तर ओल्या रंगात बोट घालू नये. कण निघत नाही, वर खड्डा पडतो. रंग पुरता वाळू द्यावा. मग दीड हजार नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने घासावा आणि पुन्हा एक पातळ हात द्यावा.

या रीतीने आमची बस तीन आठवड्यांनी लाल झाली. खिडकी उघडी होती, अण्णा खाटेवर बसून सूचना देत होते. मागच्या जिन्याजवळ एक कण अजूनही राहिला आहे. आम्ही घासायला निघालो तर त्यांनी हात धरला. "राहू दे रे. दिवसभर रस्त्यावर फिरलेली गाडी आहे."