आडनावाच्या गावी

नवी खोली भाड्याने घ्यायला जा, पहिला प्रश्न येतो, "आडनाव काय?" उत्तर ऐकताच घरमालकाचा चेहरा कसा बदलतो, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. त्यामुळे आपली काही मुले आडनाव सांगायला कचरतात. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आम्ही वस्तीतील चार कुटुंबे मुलाबाळांसह एस.टी.ने निघालो. बाबासाहेबांच्या आडनावाचा माग मुलांना दाखवायचा होता.

पहिला मुक्काम सातारा. जुन्या राजवाड्यातील प्रतापसिंह हायस्कूल म्हणजेच त्या वेळचे सरकारी हायस्कूल. सुभेदार रामजींनी ७ नोव्हेंबर १९०० रोजी आपल्या मुलाचे नाव येथे दाखल केले. रजिस्टरात १९१४ या क्रमांकापुढे 'भिवा रामजी आंबेडकर' अशी नोंद आहे. हा दिवस महाराष्ट्रात २०१७ पासून विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. घराण्याचे आडनाव सकपाळ. गावावरून झाले आंबडवेकर. आंबेडकर आडनावाच्या एका ब्राह्मण शिक्षकांचा या मुलावर जीव होता, त्यांनी आपले आडनाव त्याला लावले, अशी हकीकत सांगितली जाते.

दुसऱ्या दिवशी महाबळेश्वरवरून आंबेनळी घाट उतरलो आणि पोलादपूर, महाड करीत मंडणगड तालुक्यात आलो. आंबडवे हे बाबासाहेबांचे मूळ गाव. त्यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी लष्करी छावणीच्या महू गावी झाला, पण घराण्याचे नाते या कोकणातल्या मातीशी.

"कर म्हणजे काय?" मुलांनी विचारले. कर म्हणजे त्या गावचा राहणारा. गाव सर्वांचे, म्हणून एकच आडनाव निरनिराळ्या जातींत सापडते. जाधव, मोरे, गायकवाड ही आडनावे मराठ्यांत आहेत, तशी आपल्यातही आहेत. आडनाव गाव सांगेल, कूळ सांगेल. माणसाची लायकी सांगणार नाही. मग ते लपवायचे कशाला?

परतीच्या वाटेवर पुन्हा महाड लागले. येथेच २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन झाले. त्या ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात शूद्राचे नाव तिरस्कार दाखवणारे असावे, असे लिहिले आहे. हे ऐकून आमच्यातल्या म्हाताऱ्या आजींनी आपल्या घरातली जुनी नावे मोजली : कचरू, धोंडू, दगडू. मूल जगावे म्हणून अशी नावे इतर जातींतही ठेवत, हे खरे. पण आपल्याकडे चांगले नाव ठेवले तरी गावाने ते कधी पुरते उच्चारले नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपल्या पाळण्यांतली नावे बदलली. सिद्धार्थ म्हणजे ज्याचा हेतू सिद्धीस गेला तो. सुजाता म्हणजे तपाने खंगलेल्या सिद्धार्थाला खीर देणारी. प्रज्ञा, करुणा ही तर धम्माचीच शिकवण. अशी नावे आपण ठेवतो, पण त्यांचा अर्थ किती मुलांना सांगतो?

मातापित्यांनो, १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात राज्य शासनाने आईचे नावही घेतले आहे. मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे, मग आडनाव. दाखल्यावर ही चारही नावे नीट लिहून घ्या. आणि त्यांतले प्रत्येक नाव कोठून आले, ते मुलांना घरी बसवून सांगा. ज्याला आपल्या नावाची हकीकत ठाऊक आहे, तो ते मान वर करून सांगतो.