माइनकाठचे वाल्खा मास्तर

फ्रँकफुर्टला उतरणारा आपला माणूस बहुधा विमान बदलण्यापुरताच उतरतो. हाताशी अर्धा दिवस असेल, तर त्याने माइन नदीवरचा जुना लोखंडी पादचारी पूल ओलांडून झाक्सनहाउझेन भागात जावे. सफरचंदाच्या आंबट वारुणीसाठी हा भाग प्रसिद्ध आहे. ती ज्याची त्याने ठरवावी! आपले काम नदीकाठच्या तांबूस दगडी चर्चमध्ये. नाव ड्रायक्योनिग्सकिर्खे, म्हणजे तीन राजांचे चर्च. येथे १९४६ पासून १९८१ पर्यंत हेल्मुट वाल्खा ऑर्गन वाजवीत.

ऑर्गन म्हटला की आपल्याला संगीत नाटकांतला, पायाने भाता मारायचा ऑर्गन आठवतो. त्यात पितळी जिभल्या. चर्चच्या ऑर्गनात शेकडो, कधी हजारो नळ्या. शिवाय तेथे पाय भाता मारीत नाहीत, तेही सूर वाजवतात. एकटा वादक तीन-चार स्वतंत्र चाली एकाच वेळी चालवतो.

आणि वाल्खा आंधळे होते. १९०७ साली लाइप्झिगला जन्म. देवीची लस बाधून दृष्टी अधू झाली आणि १९व्या वर्षी पुरती गेली. मग बाखच्या त्या गुंतागुंतीच्या रचना शिकायच्या कशा? घरचे कोणी, पुढे पत्नी, एकेक चाल सुटी करून वाजवून दाखवी. ती पाठ झाली की दुसरी, मग तिसरी. शेवटी साऱ्या मनातच एकत्र गुंफायच्या. आपल्याकडे शिष्य गुरूकडून चीज ऐकून उचलतो, तशीच ही तालीम. फक्त चिजा चार आणि म्हणायच्या एकदम! बाखचे जवळजवळ सारे ऑर्गनसंगीत त्यांनी असे मुखोद्गत केले.

१९३८ मध्ये ते फ्रँकफुर्टच्या संगीत महाविद्यालयात प्राध्यापक झाले आणि १९७२ पर्यंत शिकवीत राहिले. अमेरिकेतूनही पुष्कळ विद्यार्थी येत. मते मात्र कडक. माक्स रेगरसारख्या मातबराच्या ऑर्गनरचनांवर त्यांनी उघड टीका केली. ती मला तरी जरा एकांगीच वाटते.

बाखच्या ध्वनिमुद्रणाला त्यांनी १९४७ साली हात घातला, तेव्हा जर्मनीतली मोठी शहरे ढिगाऱ्यांत होती. ल्यूबेकही बाँबने होरपळले होते, पण तेथील याकोबी चर्चचा जुना छोटा ऑर्गन वाचला होता. आरंभ तेथे झाला. पुढे १९५० ते १९५२ मध्ये काम गेले उत्तरेला, कुक्सहाफेनजवळच्या काप्पेल नावाच्या खेड्यात. तेथला ऑर्गन आर्प श्निटगर या थोर कारागिराने १६८० च्या सुमारास बांधलेला, पण हँबुर्ग शहरासाठी. गावचे चर्च जळाले होते, म्हणून १८१६ मध्ये काप्पेलकरांनी तो विकत आणला. हँबुर्गचे मूळ चर्च पुढे पाडले गेले. ऑर्गन खेड्यात सुखरूप राहिला. वाल्खांच्या त्या तबकड्या आजही मिळतात, आणि काप्पेलला तो ऑर्गन अजून वाजतो.