समुद्राला कान लावून

मंडळाच्या दिवाळीत बटाटेवड्यांच्या रांगेत उभं असलं की कुणीतरी हमखास विचारतं, "तू नक्की काम काय करतोस रे?" "समुद्राच्या तळाशी कान ठेवून डॉल्फिन ऐकतो," असं सांगितलं की समोरचे काका आधी हसतात आणि मग विचारतात, "आणि त्याचे पैसे देतात?" देतात हो! २००४ साली मास्टर्स करायला स्कॉटलंडला आलो, तेव्हा आपण कुठल्यातरी ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसणार असंच घरच्यांना (आणि मलाही) वाटत होतं. नशिबात मात्र उत्तर समुद्र होता.

पाण्यात नजर फार लांब पोचत नाही. आवाज मात्र सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर धावतो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त. म्हणून हे प्राणी कानानंच पाहतात. एक 'क्लिक' सोडायचा आणि त्याचा प्रतिध्वनी ऐकून पुढे मासा आहे की खडक ते ओळखायचं. डॉल्फिन शिट्ट्याही घालतात, त्या आपल्याला ऐकू येतात. त्याचं चुलत भावंड म्हणजे पॉर्पॉइज. जेमतेम दीड मीटरचं, आखूड तोंडाचं आणि भारी लाजाळू. ते शिट्ट्या घालत नाही, नुसते क्लिक करतं, आणि तेही सुमारे १,३०,००० हर्ट्झवर. आपला कान २०,००० च्या पुढे बंद! तेव्हा यंत्राला पर्याय नाही.

आमचं यंत्र म्हणजे पाऊण मीटरच्या आतली एक प्लॅस्टिकची नळी. एका टोकाला हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातला माईक, आणि आत जाडजूड बॅटऱ्या. नांगराला बांधून ती पाण्यात उभी तरंगत ठेवायची आणि तीन-चार महिन्यांनी बोटीनं जाऊन वर काढायची. ती सगळा आवाज साठवत नाही. क्लिक कधी झाला, किती हर्ट्झचा, किती वेळ टिकला, एवढंच टिपते. पडद्यावर ते ठिपके पाहताना मोठी गंमत वाटते. ठिपके दूर दूर असले की स्वारी नुसती वाट काढत चाललेली असते. ते दाटत दाटत सेकंदाला शेकड्यांनी झाले, की समजावं, मासा तोंडाशी आला!

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका नळीत अकरा दिवस एकही क्लिक सापडला नाही. जवळच पवनचक्क्यांचे खांब समुद्रतळात ठोकायचं काम चालू होतं. मी ऐटीत अहवालात लिहिलं, 'ठोकाठोकीमुळे पॉर्पॉइज हा भाग सोडून गेले.' आमच्या गटातल्या वयस्क जीवशास्त्रज्ञ बाईंनी तो कागद वाचला आणि एवढंच विचारलं, "नळी उभी होती का?" नळी स्वतःचा कलही नोंदवत असते. पाहतो तर काय, अकराही दिवस ती आडवी! बहुधा कुणाच्या तरी जाळ्यानं ओढली असावी. आणि आडवी पडली की नोंद थांबवायची, ही व्यवस्था मीच करून दिलेली. समुद्र गप्प नव्हताच, आमचा कान झोपला होता! बाईंनी वाक्य खोडलं नाही, पेन माझ्या हातात दिलं. बरं, नळी उभी असली तरी पॉर्पॉइजचा क्लिक टॉर्चच्या झोतासारखा अरुंद असतो आणि फार तर काहीशे मीटर पोचतो. तोंड दुसरीकडे असलं की संपलं. तेव्हापासून मी 'नाहीत' लिहीत नाही, 'आढळले नाहीत' लिहितो.

हा नुसता शब्दांचा कीस नव्हे. २०१७ साली इथल्या मरे फर्थच्या समुद्रात बिअट्रिस प्रकल्पाच्या ८४ पवनचक्क्यांसाठी खांब ठोकायला घेतले, तेव्हा अनेक ठिकाणी अशा नळ्या ठेवल्या होत्या. त्यांवरून कळलं, की सुरुवातीला ७.४ किलोमीटरवरही पॉर्पॉइज दूर जाण्याची शक्यता निम्मी होती. काम संपता संपता ते अंतर १.३ किलोमीटरवर आलं. तिकडे मेक्सिकोत, कॅलिफोर्नियाच्या आखातात, वाकिता नावाचा इवलासा पॉर्पॉइज आहे. २०११ पासून तिथे ठरलेल्या ४६ जागी असेच कान लावले. मासेमारीच्या जाळ्यांत अडकून ही जात २०१५ पर्यंत दरवर्षी सरासरी ३४ टक्क्यांनी घटत असल्याचा हिशेब त्या क्लिकांवरून निघाला. २०१८ च्या उन्हाळ्यात वीसही उरले नव्हते. अशा ठिकाणी 'गप्प' आणि 'गेले' यांत गल्लत करून कसं चालेल?

आता घरची गोष्ट. माझा मुलगा बारा वर्षांचा. "त्याला मराठी कळतं, बोलता येत नाही," हे मी मंडळात इतक्यांदा सांगितलंय, की त्यालाही ते पाठ झालंय. पाहुणे आले की मी म्हणणार, "बोल बघू मराठीत," आणि तो ओठ मिटून घेणार. गेल्या उन्हाळ्यात आम्ही चॅनरी पॉइंटला गेलो. भरती येऊ लागली की तिथे किनाऱ्याच्या अगदी जवळ डॉल्फिन सामन मासे पकडायला येतात. मी गाडी लावून मागून आलो, तर चिरंजीव माझ्या फोनवर दापोलीच्या आजीला समुद्र दाखवत होते.

"आजी, बघ, तीन डॉल्फिन आला! आता खाली गेला. थांब ना, परत येणार."

"अरे, आमच्या मुरुड-हर्णैलाही दिसतात हो!"

"मग मी येतो. तू दाखव."

मी आहे तिथेच उभा राहिलो. त्याचं व्याकरण सुधारायचा मोह, खरंच सांगतो, मोठ्या कष्टानं आवरला. इतकी वर्षं नळी आडवी होती, आणि ती माझी होती.

यंदाच्या दिवाळीत काकांनी विचारलं, "काय रे, मुलगा मराठी बोलतो का?" पूर्वी मी "नाही" म्हणून मोकळा व्हायचो. या वेळी म्हटलं, "बोलतो की. फक्त आपण जरा गप्प राहून ऐकावं लागतं."