बँकेने नाही म्हटल्यावर

मेसेज आला तेव्हा मी भाईंदर पश्चिमेला उत्तनच्या बसच्या रांगेत उभी होते. आपला अर्ज मंजूर होऊ शकला नाही, क्षमस्व, वगैरे. बस आली, चढले, खिडकीही मिळाली. मुर्धा गेलं, राई आली आणि गेली, मी आपली मेसेजकडे बघत बसलेली. शेवटी मोर्व्याला उतरून चालत मागे आले. चालताना डोक्यात एकच प्रश्न होता, बाबांना काय सांगायचं?

आमचं घर राईतल्या एका चार मजली बिल्डिंगमध्ये आहे. २०१९ साली घेतलं. कर्ज साडेसोळा लाखांचं, वीस वर्षांचं, एका गृहकर्ज कंपनीकडून. अर्जदार मी, सहअर्जदार बाबा. २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा रिझर्व्ह बँकेने दिलेली हप्त्यांची सवलत आम्ही घेतली. ते व्याज मुद्दलात जाऊन बसलं. मग मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला आणि आमची मुदत लांबली. गेल्या वर्षी स्टेटमेंट काढलं तर दहा लाखांहून जास्त भरून झाले होते आणि बाकी होते पंधरा लाख. दर ११ टक्के, हप्ता १७,०४९ रुपये, अजून पंधरा वर्षं.

एका बँकेत हेच कर्ज साडेआठ टक्क्यांनी मिळत होतं. हप्ता झाला असता १४,७७१. महिन्याचे सव्वादोन हजार वाचणार म्हणून मी बॅलन्स ट्रान्सफरचा अर्ज टाकला. आईने त्या सव्वादोन हजारांचा हिशेबही करून ठेवला होता.

बाबांना सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत. जेवताना म्हणाले, "अगं, आपलं नाव खराब झालंय का? त्या लॉकडाऊनच्या हप्त्यांमुळे?" आयुष्यात दुकानदाराची उधारी महिनाअखेरीपलीकडे न नेलेला माणूस. दुसऱ्या दिवशी आईच्या पाटल्या मोडून थोडं कर्ज फेडू या, असंही त्यांनी सुचवून पाहिलं. त्याच दुपारी एजंटचा फोन आला, "मॅडम, टेन्शन नको. पाच बँकांत एकदम टाकू, एक तरी पास होईल."

दोघांनाही मी थांबवलं. फार हुशारी होती म्हणून नाही, नकार नक्की कशाला मिळालाय हेच मला माहीत नव्हतं म्हणून. पाच ठिकाणी एकदम अर्ज टाकले की क्रेडिट रिपोर्टमध्ये पाच चौकशा दिसतात आणि सहावी बँक विचारते, हे एवढे घायकुतीला का आले? शिवाय दुखणं न कळता पाच डॉक्टरांकडून पाच औषधं आणण्यात काय अर्थ?

कर्ज नाकारलं तर मुख्य कारण बँकेने लेखी कळवावं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मी ईमेल केला. उत्तर येईपर्यंत सिबिलचा रिपोर्ट काढला, वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. ३०० ते ९०० च्या पट्टीवर माझा स्कोअर ७७१. लॉकडाऊनच्या महिन्यांपुढे थकबाकीची नोंद नव्हती. त्यात चूक असती तर तक्रार करून दुरुस्त करून घेता आली असती, तीस दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर दिवसाला शंभर रुपये भरपाईचा नियमही आहे. पण चूक नव्हतीच.

बँकेचं उत्तर दोन ओळींचं होतं. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र नाही. जमिनीचं कन्व्हेयन्स सोसायटीच्या नावे नाही.

बाबांना वाचून दाखवलं. "म्हणजे आपलं काही चुकलं नाही," ते म्हणाले आणि त्या रात्री नीट झोपले. मला मात्र झोप येईना. कारण चुकलं होतं. २०१९ मध्ये आम्ही टाइल्स बघितल्या, नळाला पाणी किती वेळ येतं ते विचारलं, स्टेशनचं अंतर मोजलं. ओसी बघितली नाही. लोन मिळतंय म्हणजे कागद बरोबर असणार, असं धरून चाललो.

मेट्रो ९ ची कारशेड राई-मुर्धा-मोर्वा भागात होणार म्हणून गावाने विरोध केला होता, ते दिवस आठवले. गावठाणातल्या आमच्या ओळखीच्या मावशी घरपट्टीच्या जुन्या पावत्या पिशवीत घालून सभेला जायच्या. पुढे कारशेड डोंगरीला नेण्याचं ठरलं. तेव्हा मला त्यांची काळजी वाटायची आणि आतून बरंही वाटायचं, की आपलं तसं नाही, आपलं रजिस्टर्ड ॲग्रीमेंट आहे. घरपट्टी आम्हीही भरतो. पण घरपट्टीची पावती म्हणजे बांधकाम कायदेशीर असल्याचा पुरावा नाही. आणि फ्लॅट आमच्या नावावर असला तरी त्याखालची जमीन आजही दुसऱ्याच कुणाच्या नावावर आहे.

मग दोन कामं केली. पहिलं सोपं होतं. जिथे कर्ज आहे तिथेच गेले. फेब्रुवारी ते जून २०२५ मध्ये रेपो दर साडेसहावरून साडेपाचवर आला होता, आमचा दर जागचा हलला नव्हता. बँकांना ऑक्टोबर २०१९ पासून नवी फ्लोटिंग गृहकर्जं बाहेरच्या दराशी जोडावी लागतात, त्यामुळे रेपो उतरला की त्यांचा दर उतरतो. गृहकर्ज कंपन्यांना ती सक्ती नाही. त्या स्वतःच्या दरावर चालतात आणि जुन्या ग्राहकाने मागितल्याशिवाय बऱ्याचदा काही घडत नाही. मी लेखी मागितलं. बाकी रकमेच्या अर्धा टक्का फी आणि त्यावर जीएसटी, मिळून ८,८५० रुपये भरून दर १० टक्के झाला. हप्ता १६,११९ वर आला असता, पण आम्ही जुनाच ठेवला. त्यामुळे वीसेक हप्ते कमी झाले, म्हणजे साधारण साडेतीन लाख रुपये. हे एक पत्र मी तीन वर्षांपूर्वीही लिहू शकले असते.

दुसरं काम अवघड. दहा आणि साडेआठ टक्क्यांच्या हप्त्यांत १,३४८ रुपयांचा फरक आहे. कागद नसल्याचा आमचा दंड तो, दर महिन्याला. हा आकडा घेऊन मी सोसायटीच्या सभेत उभी राहिले. तिथे दर वर्षी पाण्याची टाकी आणि पार्किंग यापुढे गाडी जात नाही. चेअरमन काका म्हणाले, "बाळा, आमचं कर्ज फिटलंय. आम्हाला काय त्याचं?" मी म्हटलं, "काका, तुम्ही विकायला काढाल तेव्हा घेणाऱ्याच्या बँकेचा वकीलही हेच दोन कागद मागेल. आणि उद्या बिल्डिंग पाडून नवी बांधायची झाली तर बोलणी कोण करणार? जमीन आपली नाही." त्यावर पार्किंगचा विषय त्या दिवशी निघाला नाही.

महाराष्ट्रात १९६३ चा मोफा कायदा आहे. सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत बिल्डरने जमीन तिच्या नावे करून द्यायची असते. तो देत नसेल तर २००८ च्या दुरुस्तीने सोसायटीला जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्ससाठी जाता येतं. आमच्या बिल्डरचा फोन लागत नाही, तरी अर्ज करता येतो. ओसीचं प्रकरण वेगळं, ते महापालिकेकडे. मंजूर नकाशा काय होता आणि बांधलं काय, हे आधी बघावं लागतं. त्यासाठी माहिती अधिकारात अर्ज टाकला, दहा रुपयांचा.

अजून काहीच हातात आलेलं नाही. घरटी पाच हजार जमा करायचे ठरलेत, सोळापैकी अकरा जणांनी दिलेत. वकिलांनी सांगितलेली कागदांची यादी दोन पानांची आहे. बाबांनी त्यासाठी एक निळी फाइल आणली आहे आणि रिटायर झाल्यापासून पहिल्यांदाच ते सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडतात. परवा उरलेल्या पाचांपैकी एकाच्या दारात उभे राहून समजावत होते, "अहो, बँकेने माझ्या मुलीला नाही म्हटलं म्हणून कळलं. नाहीतर कळलंच नसतं."

हप्ता अजून पाच तारखेलाच जातो, १७,०४९. पाटल्या आईच्या हातात आहेत.