घासण्याआधी मोजून घे

पुणे

चि. सोन्यास मावशीचे अनेक आशीर्वाद.

स्टुटगार्टहून तुझं पत्र आणि सोबतचे फोटो मिळाले. १९९८ची काळी पोर्शे बॉक्स्टर, बरीच वर्षं उघड्यावर उभी. पुढच्या झाकणावर लिंडनच्या झाडाचा चिकटा, उन्हात पाहिलं की अंगभर बारीक ओरखड्यांची कोळ्याच्या जाळ्यासारखी जाळी, आणि चाकं ब्रेकच्या काजळीनं तपकिरी पडलेली. तू विचारलं आहेस की सरळ सगळी गाडी नव्यानं रंगवून घेऊ का, आणि चाकंही नवीच घेऊ का. माझं म्हणणं असं, की रंगाला हात लावण्याआधी तो मोजून घे आणि जेवढा कमी काढता येईल तेवढाच काढ. चाकांचं गणित वेगळं आहे. तिथे वरचा रंग गेला तरी चालेल, पण धातूला इजा होता कामा नये. यामागची कारणं नीट लिहिते, कारण कारणं कळली नाहीत तर पॉलिशचं मशीन हातात आल्यावर सल्ला लक्षात राहत नाही.

आपल्याकडच्या देव्हाऱ्यातले चांदीचे टाक आठव. पिढ्यान्‌पिढ्या प्रत्येक सणाला उजळून उजळून कित्येक घरांतल्या टाकांवरचा खंडोबा आता ओळखू येत नाही. घोडा पुसट झालेला असतो, हातातलं खड्ग नुसती रेघ उरलेली असते. घासणाऱ्यांच्या भक्तीत काही कमी नव्हतं. उजळण्याच्या प्रत्येक हाताबरोबर थोडी चांदी फडक्यावर येते, एवढंच त्यांच्या लक्षात आलं नाही. गाडीच्या रंगाचं नेमकं हेच आहे. कारखान्यातून आलेल्या रंगाची एकूण जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन असते, म्हणजे माणसाच्या एक-दोन केसांएवढी. त्यात पत्र्याला गंजापासून राखणारा तळाचा थर, त्यावर प्रायमर, त्यावर काळ्या रंगाचा पातळ थर आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. या क्लिअर कोटच्या वाट्याला फक्त ४०-५० मायक्रॉन येतात. चकाकी तिथेच असते आणि उन्हातल्या अतिनील किरणांना अडवणारी द्रव्यंही तिथेच असतात. पॉलिश म्हणजे या थरात काही भरणं नव्हे. ओरखड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा थर खाली आणणं, हे पॉलिशचं काम. हलक्या पॉलिशला एखादा मायक्रॉन खर्च होतो, जाड कंपाउंडला तीन-चार किंवा त्याहून जास्त. ही पुंजी कारखान्यानं एकदाच दिलेली आहे आणि तिच्यात नवी भर पडत नाही. माझा सगळा युक्तिवाद एवढ्यावरच उभा आहे.

मग काळीच गाडी इतकी खराब का दिसते? तिला जास्त ओरखडे पडतात म्हणून नाही. शेजारच्या पांढऱ्या गाडीवरही तितकेच असतील. पांढरा रंग आत शिरलेल्या उजेडापैकी बराचसा सगळ्या दिशांना परत फेकतो, आणि ओरखड्यांनी विखुरलेला थोडा उजेड त्यात मिसळून जातो. काळा रंग आतला उजेड गिळून टाकतो. आपल्या डोळ्यांपर्यंत येतं ते क्लिअर कोटच्या पृष्ठभागावरून परतलेलं साधारण चार टक्के प्रतिबिंब. त्या गडद पार्श्वभूमीवर ओरखड्याची प्रत्येक कड चांदीच्या तारेसारखी चमकते. आणखी एक गोष्ट पाहून ठेव. ती जाळी गोल गोल दिसते, पण ओरखडे गोल असतातच असं नाही. ते सगळ्या दिशांना गेलेले असतात, आणि उजेडाशी जुळेल अशा कोनात असलेले तेवढेच चमकतात, म्हणून दिव्याभोवती वर्तुळं दिसतात. विजेरी हातात धरून सरकव, वर्तुळंही तिच्याबरोबर सरकतील. यातून एक निष्कर्ष निघतो. डोळ्यांना जे भयंकर दिसतं ते बहुतेक वेळा खोलीनं अगदी किरकोळ असतं. काळ्या गाडीची अवस्था दिसते त्यापेक्षा बरी असते, आणि म्हणूनच तिच्यावर गरजेपेक्षा जास्त कठोर इलाज होतात.

पहिलं काम धुण्याचं, आणि त्यात घाई नको. ही जाळी विणली जाते ती कोरड्या धुळीवर फडकं मारून. आपल्या सोसायट्यांमध्ये रोज सकाळी एकाच बादलीत बुडवलेलं फडकं दहा गाड्यांवरून फिरतं, आणि तुमच्याकडच्या सेल्फ-सर्व्हिस धुलाई केंद्रातला फेसाचा ब्रश आधीच्या गाडीचा चिखल घेऊन तुझी वाट पाहत असतो. तो ब्रश हातात घेऊ नकोस. नुसत्या पाण्याच्या झोतानं माती सैल कर, फेस लावून थोडा वेळ मुरू दे, पुन्हा झोत मार. हात लावायचा तो त्यानंतर, मऊ लोकरी मिटन आणि दोन बादल्या घेऊन. एका बादलीत शाम्पू, दुसरीत मिटन खळबळायला साधं पाणी. वरून खाली ये, कारण खालच्या पट्ट्यात वाळू आणि हिवाळ्यातलं मीठ असतं. गाडी वाळली की पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून पत्र्यावरून बोटं फिरव. जिथे रवा पसरल्यासारखं खरखरीत लागेल तिथे लोखंडाचे कण आणि झाडाचा चिकटा रुतलेला आहे असं समज. तेवढ्याच जागी भरपूर ओलावा ठेवून क्ले, म्हणजे रुतलेले कण ओढून काढणारी मऊ वडी, फिरव. क्लेनंही बारीक चरे पडतात, म्हणून ती सरसकट सगळ्या गाडीवर फिरवण्याची गोष्ट नाही.

मग मोजणी. जाडी मोजण्याचं छोटं यंत्र मिळतं, ते आधी घे. दारं, फेंडर, झाकणं, प्रत्येक ठिकाणी पाच-सहा जागी टेकव आणि आकडे लिहून ठेव. १२०च्या आसपास आकडा आला तर रंग बहुधा मूळचा आहे. २००च्या वर गेला तर त्या भागावर पुन्हा रंग झालेला असावा, आणि ५००-६०० दिसले तर खाली पुट्टी आहे असं धरून चाल. पुढचा-मागचा बंपर प्लास्टिकचा आहे, तिथे हे साधं यंत्र वाचणार नाही, त्यामुळे तिथे हात आणखी हलका ठेव. यंत्राची मर्यादाही ओळख. ते सगळ्या थरांची बेरीज सांगतं, वर क्लिअर कोट किती उरला आहे ते सांगत नाही. शिवाय त्याच्या वाचनात दोन-तीन मायक्रॉन इकडेतिकडे होतातच, म्हणजे एका हलक्या हातात किती गेलं हे ते पकडू शकत नाही. म्हणून कमीत कमी कठोर इलाजापासून सुरुवात कर. झाकणाच्या एका कोपऱ्यात वीतभर जागा टेपनं आखून घे, मऊ फोमचं पॅड आणि सगळ्यात बारीक पॉलिश लाव. मशीन ड्युअल-अ‍ॅक्शनच हवं, ज्याचं पॅड स्वतःभोवती फिरतानाच झोकेही घेतं, त्यामुळे एकाच ठिकाणी उष्णता साठत नाही. रबिंगचं जुनं रोटरी मशीन अनुभवी हातात चांगलं काम करतं, पण नवख्या हातात एका कडेवर क्षणभर रेंगाळलं तरी खालचा थर उघडा पडतो. पॅड हळू सरकव, पत्रा तळहाताला कोमट लागेल त्यापेक्षा गरम होऊ देऊ नकोस, आणि दाराच्या कडा व पत्र्याच्या घड्या टेपनं झाकून ठेव, कारण रंग तिथेच सगळ्यात पातळ असतो. नंतर पातळ केलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं ती जागा पुसून विजेरीनं बघ. ही पुसणी टाळू नकोस. पॉलिशमधलं तेल ओरखडे भरून टाकतं आणि पहिल्या पावसापर्यंत सगळं छान दिसत राहतं. वीतभर जागेत जे पुरेसं ठरलं तेच बाकीच्या गाडीला पुरेसं आहे.

तू म्हणशील, एवढ्या उठाठेवीपेक्षा नवा रंग काय वाईट? आक्षेप वाजवी आहे, म्हणून नीट उत्तर देते. कारखान्यात रंग चढतो तेव्हा ती गाडी नसते, नुसता सांगाडा असतो. त्यात काच नाही, रबर नाही, वायर नाही. त्यामुळे तो १४० अंश सेल्सिअसच्या आसपास भट्टीत भाजता येतो. उभ्या गाडीला एवढं तापवता येत नाही. गॅरेजमधला रंग साधारण ६० अंशांवर वाळवतात. तो रंग चांगला असू शकतो आणि कुशल रंगारी तो सुंदर मारतो, पण त्यासाठी सगळे रबर, दिवे, हँडल काढावे लागतात. न काढता टेप लावून मारला तर प्रत्येक कडेला एक रेघ उरते आणि पुढे पापुद्रे तिथूनच सुटू लागतात. जुना रंग हा गाडीचा पुरावाही असतो. इतक्या वर्षांनंतरही अंगावर मूळचा रंग आहे याचा अर्थ त्याखाली अपघात लपलेला नाही. नव्या रंगानं हा पुरावा कायमचा झाकला जातो. वास्तूंच्या जतनासाठी १९६४ साली झालेल्या व्हेनिस सनदेत असा विचार आहे की जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानं आपली तुरिन सनद याच धर्तीवर केली. तुझी गाडी देऊळ नाही हे खरं, पण हा विचार तिलाही लागू पडतो.

आणखी दोन आक्षेप उरतात. एक असा, की काढायचेच तर सगळे ओरखडे काढावेत, अर्धवट कशाला? कारण नखाला अडकणारा ओरखडा बहुधा क्लिअर कोट खोलवर चिरून गेलेला असतो. तो पूर्ण काढायचा म्हणजे आजूबाजूचा सगळा थर तिथपर्यंत खाली आणायचा, आणि मग दोन-तीन वर्षांनी ऊन उरलेला क्लिअर कोट सोलून काढणार. बारीक जाळी गेली की गाडी पुन्हा काळी दिसते. राहिलेले चार खोल ओरखडे तिच्या वयाचे म्हणून राहू दे. दुसरा आक्षेप सिरॅमिक कोटिंगचा, की ते लावलं म्हणजे सगळी चिंता मिटते. कोटिंगमुळे धुणं सोपं होतं, पाणी थेंब होऊन घसरतं, आणि या कारणांसाठी ते जरूर लाव. पण त्याखाली जी जाळी राहिली ती तशीच दिसणार, आणि त्यावर चुकीचं फडकं फिरवलं तर नवी जाळीही पडणार. एक गोष्ट मात्र मी सरळ मान्य करते. जिथे क्लिअर कोट पांढरा पडून त्याचे पापुद्रे सुटू लागले आहेत तिथे पॉलिशचा काही उपयोग नाही. तेवढा भाग निःशंकपणे रंगवून घे.

आता चाकांकडे वळते. तुझ्या फोटोत दिसणारा तपकिरी थर साधी धूळ नाही. ब्रेकच्या डिस्कमधून झिजलेल्या लोखंडाचे तापलेले कण चाकावरच्या पारदर्शक लॅकरमध्ये रुतून तिथेच गंजले आहेत. घासून ते निघत नाहीत, लॅकर मात्र निघतं. लोखंड विरघळवणारं औषध मिळतं. त्यातलं द्रव्य केस कुरळे करण्याच्या लोशनमधल्या द्रव्याच्याच कुळातलं आहे, म्हणून वासही तसाच उग्र येतो. थंड चाकावर फवार, काही मिनिटांत जांभळे ओघळ उतरताना दिसतील. वाळू न देता धुऊन टाक. आम्लाची जहाल औषधं वापरू नकोस. ती उघड्या अ‍ॅल्युमिनियमला खातात आणि काहींमधली फ्लोरिनची संयुगं माणसाच्या कातडीलाही घातक असतात. कडेला लॅकरखाली पांढऱ्या अळ्यांसारख्या रेघा दिसत आहेत, तो धातूचा क्षय आहे. दगडाच्या खाचेतून किंवा फुटपाथला घासलेल्या कडेतून पाणी आणि मीठ आत शिरलं की तो लॅकरखालून पुढे सरकत राहतो. वरून पॉलिश करून तो थांबत नाही. इथे जुना थर पूर्ण उतरवून धातू स्वच्छ करून नव्यानं रंग चढवणं हाच योग्य उपाय आहे.

मी गाडीला एक न्याय आणि चाकाला दुसरा लावते आहे, असं तुला वाटेल. कसोटी मात्र एकच आहे: जे परत आणता येणार नाही ते राखायचं. अंगावर ती गोष्ट म्हणजे कारखान्याचा रंग, चाकात ती म्हणजे धातूची ताकद आणि गोलाई. ओतीव अ‍ॅल्युमिनियमच्या चाकाला ताकद उष्णतेच्या ठरलेल्या प्रक्रियेनं दिलेली असते. बेताल तापवलं तर ती कमी होते. पावडर कोटिंग २०० अंशांच्या आसपास भाजतात, म्हणून किती तापमानाला आणि किती वेळ ठेवणार हे कारागिराला आधी विचार. उत्तर देता आलं नाही तर दुसरा शोध. चाकाला तडा असेल तर वेल्डिंग करून घेऊ नकोस. ते चाक बाद समज. टायर उतरलेले असतीलच, तर त्यांच्या बाजूचे चार आकडे वाच. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. नक्षी कितीही खोल उरलेली असली तरी दहा-बारा वर्षांचं रबर बदलायलाच हवं. चाकं बसवताना बोल्ट टॉर्कच्या पान्यानं १३० न्यूटन-मीटरला आवळ, नुसत्या अंगाच्या जोरावर नको.

शेवटचा आक्षेप तू लिहिला नाहीस, पण तो मनात असणार: ही काही दुर्मीळ गाडी नाही, मग एवढं कशाला? खरं आहे. १९९६ ते २००४ या काळात या पिढीच्या दीड लाखाहून जास्त बॉक्स्टर बनल्या. तुझ्या स्टुटगार्टमधल्या त्सुफेनहाउझनचा कारखाना अपुरा पडला म्हणून १९९७पासून फिनलंडमध्येही त्या जुळवल्या गेल्या. चेसिस नंबरातलं अकरावं अक्षर बघ. एस असेल तर ती तुझ्याच गावची, यू असेल तर फिनलंडमधल्या उसिकाउपुंकीची. पण भरपूर आणि स्वस्त असलेल्या गोष्टीच आधी नाहीशा होतात, कारण त्या सांभाळाव्यात असं कुणाला वाटत नाही. २०२८ साली तुझी गाडी ३० वर्षांची होईल आणि जर्मनीत ऐतिहासिक वाहनाची एच पाटी मागण्याइतकं तिचं वय होईल. तेव्हा तपासनीस तिची मूळ रूपातली सुस्थिती पाहील.

म्हणून जाडीच्या आकड्यांसाठी एक वही कर. कुठल्या भागावर किती, कधी आणि कशानं पॉलिश केलं, कुठलं चाक कधी रंगवलं, सगळं त्यात लिही. पुढे कधी गाडी विकलीस तर किल्लीबरोबर ती वहीही दे. त्या माणसालाही कळायला हवं की किती शिल्लक आहे. पहिल्या मोजणीचे आकडे मलाही कळव, मी वाट पाहते आहे.

तुझी,
मावशी