लाल टोपी, नारिंगी टोपी

मंडळी, पोस्ट जरा लांब आहे. पण ज्यांच्या घरात कुणी इन्शुलिन घेतं त्यांनी शेवटपर्यंत वाचा, आणि मग उठून घरातली सिरिंज बघा.

आईला गेली नऊ वर्षं बाटलीतलं इन्शुलिन चालू आहे. सकाळ-संध्याकाळ २० युनिट. टोचायचं काम माझं. मे महिन्यात नेहमीचं मेडिकल बंद होतं म्हणून दुसरीकडून सिरिंजचं पाकीट आणलं. "इन्शुलिनची सिरिंज द्या" एवढंच मी म्हणालो. कुठली, ते त्या पोराने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. नेहमी टोपी लाल असायची, ही नारिंगी होती. म्हटलं, कंपनी बदलली असेल.

तिसऱ्या दिवसापासून शुगर चढायला लागली. १८०, २४०, ३१०. मी आईवरच ओरडलो, "आंबा खाल्लास ना?" ती म्हणाली, "एकच फोड खाल्ली रे." दोन दिवस मी तिच्याशी धड बोललो नाही. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी डोस ३० केला. त्यांचं तरी काय चुकलं? त्यांच्यापुढे फक्त आकडे होते.

पाकीट संपलं. नेहमीच्या दुकानातून लाल टोपीची सिरिंज आणली आणि संध्याकाळी ३० पर्यंत भरून टोचलं. रात्री अडीचला आई घामाने भिजलेली, हात थरथरतायत, मला मामाच्या नावाने हाका मारतेय. मीटरवर ४८! गिळता येत होतं म्हणून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली. पंधरा मिनिटांनी परत तपासलं, परत पाजली. सकाळपर्यंत उशाशी बसून होतो.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दोन्ही सिरिंजा मागवल्या आणि समोर ठेवून हिशेब सांगितला.

आपल्याकडे बाटलीतलं इन्शुलिन बहुतेक यू-४० असतं, म्हणजे १ मिलीत ४० युनिट. त्याची सिरिंज लाल टोपीची. पेनच्या कार्ट्रिजमधलं, आणि काही बाटल्यांमधलंही, यू-१००. म्हणजे १ मिलीत १०० युनिट. त्याची सिरिंज नारिंगी टोपीची. नारिंगी सिरिंजवर २० चा आकडा म्हणजे ०.२ मिली. त्यात यू-४० भरलं की अंगात जातात फक्त ८ युनिट. डोस ३० केला तेव्हाही जात होते १२ च. मग लाल सिरिंज आली आणि एकदम पूर्ण ३० गेले. एका रात्रीत अडीच पट.

उलटं झालं तर आणखी वाईट. यू-१०० इन्शुलिन लाल सिरिंजने २० पर्यंत भरलं, तर अंगात जातात ५० युनिट. जीवच जायचा. म्हणून पेनच्या कार्ट्रिजमधून सिरिंजने इन्शुलिन कधीच ओढायचं नाही.

रेषाही नीट बघा. लाल सिरिंजवर एक रेष १ युनिटची. १ मिलीच्या नारिंगी सिरिंजवर एक बारीक रेष साधारण २ युनिटची असते. आकडा वाचायचा तो रबराच्या सुईकडच्या कडेवर. बुडबुडा राहिला तर तेवढं औषध कमी जातं.

ब्रिटनने १९८३ साली सगळं इन्शुलिन यू-१०० करून टाकलं. आपल्याकडे अजून दोन्ही चालतात, आणि टोपीच्या रंगाचा अर्थ पेशंटला कुणी सांगत नाही. सरकारने काय करायचं ते करेलच. तोवर एवढं तरी व्हावं: डॉक्टरांनी चिठ्ठीवर सिरिंजचा प्रकार लिहावा, मेडिकलवाल्याने "बाटली कुठली आहे?" असं विचारल्याशिवाय सिरिंज देऊ नये, आणि सरकारी दवाखान्यात बाटली मिळते तिथेच जुळणारी सिरिंजही मिळावी.

आणि आपण? बाटलीवर ४० असेल तर सिरिंजवरही ४० पाहिजे. १०० असेल तर १००. जुळत नसेल तर मनाने डोस बदलू नका, डॉक्टरांना आजच फोन करा.

आईची माफी मागितली. ती हसून म्हणाली, "म्हणजे आंब्याचा काही दोष नव्हता तर!"

शेजारच्या आजी-आजोबांनाही वाचून दाखवा. त्यांच्याकडे फेसबुक नसतं, पण सिरिंज असते.